चौदा नोव्हेंबरची शिरगणती

२०१७ सालच्या उत्तरार्धात फायरफॉक्स हा ब्राउझर वापरणाऱ्याने आपल्या ॲड-ऑनची यादी उघडली, तर बऱ्याच नावांपुढे एक छोटी पिवळी पट्टी दिसू लागली होती. तिच्यावर एकच शब्द होता : 'लेगसी'. शब्दकोशात याचा अर्थ 'वारसा' असा सापडतो. वारसा म्हटले की आपल्याला लेणी आठवतात, किल्ले आठवतात, एखाद्या घराण्याची गायकी आठवते. संगणकाच्या व्यवहारात मात्र 'लेगसी' म्हणजे जुने, अडगळीतले, लवकरच काढून टाकायचे. जपून ठेवायच्या गोष्टीचा शब्द टाकून द्यायच्या गोष्टीला कसा चिकटला, हा भाषेच्या अभ्यासकांचा विषय आहे. माझा विषय त्या पट्टीनंतर जे घडले तो आहे.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली. ती संगणकावर उतरताच पिवळी पट्टी लागलेली सगळी ॲड-ऑन बंद पडली. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने दाखवणारी प्रणाली, हे आता सांगायला नको. ॲड-ऑन म्हणजे त्या प्रणालीला बाहेरच्या कुणीतरी लिहून जोडलेले छोटे अवजार. कुणी जाहिराती अडवणारे, कुणी मधेच तुटलेले डाउनलोड पुन्हा सुरू करणारे, कुणी अभ्यासकाची संदर्भटिपणे सांभाळणारे. पंधरा वर्षांत अशी हजारो अवजारे जमली होती.

या घटनेविषयी तेव्हा जे लिहिले गेले त्यात दोन सूर ठळक होते. एक वेगाच्या कौतुकाचा : नवा फायरफॉक्स जुन्याच्या मानाने किती झपाट्याने चालतो. दुसरा विश्वासघाताचा : आमची इतक्या वर्षांची अवजारे हिरावून घेतली. दोन्ही सुरांत तथ्य होते. या दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या वर्गाकडे, म्हणजे ती अवजारे लिहिणाऱ्यांकडे, मात्र कमी लक्ष गेले. त्यांतले बहुतेक बिनपगारी होते. नोकरी-शिक्षण सांभाळून, रात्री जागून लिहिणारे.

पाया बदलला म्हणून त्यावरचे सगळे पुन्हा लिहावे लागणे ही तांत्रिक घटना मानली जाते. मला ती शिरगणती वाटते. एरवी कोणती आज्ञावली जिवंत आहे आणि कोणती नुसतीच चालू आहे, हे बाहेरून कळत नाही. लेखक केव्हाच निघून गेलेला असतो. अवजार वर्षानुवर्षे चालत राहते. खालचा पाया बदलला की प्रत्येक दारावर थाप पडते : आत कुणी आहे का? फायरफॉक्सच्या इतिहासात ही थाप ज्या दिवशी पडली, त्या दिवसापर्यंत आणि त्याच्या पुढे काय काय झाले, ते क्रमाने पाहू.

पहिले पुनर्लेखन

फायरफॉक्सचा जन्मच एका पुनर्लेखनातून झाला आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नेटस्केप कंपनीचा ब्राउझर हा त्या दशकात असंख्य लोकांसाठी इंटरनेटचा दरवाजा होता. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपची पकड सुटू लागली. तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये कंपनीने जाहीर केले की आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली ती सर्वांसाठी खुली करणार आहे. ३१ मार्च १९९८ रोजी ती खुली झाली. मोझिला प्रकल्पाची सुरुवात ती.

दार उघडल्यावर आतला पसारा दिसला. आज्ञावली इतकी गुंतलेली होती की बाहेरच्या माणसाला तिच्यात हात घालणे अवघड होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जुन्याची डागडुजी सोडून 'गेको' या नव्या इंजिनावर सगळे पुन्हा लिहायचे ठरले. नेटस्केपची चौथी आवृत्ती १९९७ ची. पाचवी कधी आलीच नाही. सहावी आली ती १४ नोव्हेंबर २००० रोजी, आणि तीही कच्ची होती. तोवर स्पर्धक खूप पुढे निघून गेला होता. जोएल स्पोल्स्की या अमेरिकी प्रोग्रॅमरने त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक लेख लिहिला. चालती आज्ञावली टाकून देऊन पहिल्यापासून लिहायला घेणे ही कंपनीने कधीही करू नये अशी चूक आहे, असे त्याने नेटस्केपचा दाखला देऊन मांडले. तो लेख या व्यवसायात आजही वाचला जातो.

पण त्या 'चुकी'तूनच एक गोष्ट हाती लागली. विंडोज, मॅक आणि युनिक्स या तिन्हींसाठी ब्राउझरची बटणे, मेनू, खिडक्या वेगवेगळ्या तीनदा लिहायला माणसे नव्हती. म्हणून सगळीकडे चालेल अशी एकच भाषा बनवण्यात आली. तिचे नाव एक्सयूएल, उच्चार 'झूल'. 'घोस्टबस्टर्स' या चित्रपटातल्या झूल नावाच्या भुतावरून केलेली ती गंमत होती. मराठीत झूल म्हणजे बैलाच्या किंवा हत्तीच्या पाठीवरचे शोभेचे वस्त्र. हा योगायोग अगदीच निरर्थक नाही, कारण ब्राउझरच्या अंगावरचा सगळा पेहराव याच भाषेत लिहिलेला होता.

किल्ली सर्वांच्या हाती

मोझिलाचा मूळ ब्राउझर अगडबंब होता. ईमेल, पान-लेखन, गप्पा, सगळे एकातच. त्याला कंटाळून डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस यांनी आटोपशीर ब्राउझर करायला घेतला. सप्टेंबर २००२ मध्ये त्याचे पहिले रूप 'फिनिक्स' या नावाने आले. नाव पुढे 'फायरबर्ड' झाले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. ९ नोव्हेंबर २००४ रोजी पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च लोकवर्गणीतून निघाला होता आणि वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावे त्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेली होती.

या ब्राउझरचे तत्त्व साधे होते. मूळ प्रणाली लहान ठेवायची. ज्याला जे हवे ते त्याने जोडून घ्यावे. त्यामुळे ॲड-ऑन ही नंतर सुचलेली सोय नव्हती, मूळ कराराचाच भाग होती.

ही जोडणी कशी होत असे, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा तंटा कळणार नाही. ब्राउझरचा पेहराव झूलमध्ये लिहिलेला. ॲड-ऑनही झूलमध्येच लिहायचे. ब्राउझर सुरू होताना ॲड-ऑनची पाने ब्राउझरच्या पानांत मिसळली जात. मिसळल्यावर घरच्याची आज्ञावली कोणती आणि पाहुण्याची कोणती, हा भेद उरत नसे. एक्सपीकॉम नावाच्या यंत्रणेतून ॲड-ऑनला फायली, नेटवर्क, पासवर्डांचा साठा, सगळीकडे हात पोहोचवता येई. ब्राउझर जे जे करू शके, ते ते ॲड-ऑनही करू शके.

शिकायला शाळा लागत नव्हती. ॲड-ऑनची एक्सपीआय फाइल म्हणजे साधी झिप फाइल. ती उघडायची, दुसऱ्याने काय केले ते वाचायचे, त्यात बदल करून पाहायचा. अशी उघडून पाहिलेली पाने हीच कित्येकांची पाठ्यपुस्तके झाली.

त्यातून जे निर्माण झाले त्याची नुसती नावे घेतली तरी आवाका कळतो. २००२ मध्येच, फिनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, हेन्रिक आस्टेड सोरेनसेन या डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्याने जाहिराती लपवणारे 'ॲडब्लॉक' लिहिले. २००५ मध्ये इटलीच्या जॉर्जिओ माओने याने 'नोस्क्रिप्ट' आणले. कोणत्या संकेतस्थळाला आपल्या संगणकावर आज्ञा चालवू द्यायची, हे त्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती आले. २००६ च्या सुरुवातीला जो हेविटचे 'फायरबग' आले आणि वेबपाने बनवणाऱ्या एका अख्ख्या पिढीला आपल्या पानाच्या आत डोकावून चूक शोधता येऊ लागली. जपानमध्ये 'पिरो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने उघड्या पानांची यादी वंशवृक्षासारखी बाजूला मांडणारे 'ट्री स्टाइल टॅब' केले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'झोटेरो' आले. ते आपल्या, म्हणजे इतिहासात रस असलेल्यांच्या, जवळचे. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासकार रॉय रोझेनझ्वाइग यांनी उभारलेल्या केंद्रात ते तयार झाले. ग्रंथालयाच्या सूचीचे पान समोर असताना एका क्लिकसरशी त्या ग्रंथाची नोंद आपल्या टिपणवहीत उतरवून घ्यायची, ही त्याची करामत. ब्राउझरच्या आत हवे तिथे शिरता येत होते, म्हणूनच ती त्या काळी इतकी सहज जमली.

भारतीय भाषांसाठीही एक ॲड-ऑन होते : 'पद्मा'. त्या काळी आपल्याकडच्या अनेक वर्तमानपत्रांची संकेतस्थळे स्वतःचा खासगी फॉन्ट वापरत. तो फॉन्ट नसला की पानावर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हांचा सडा दिसे. 'पद्मा' ती चिन्हे ओळखून त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. तेलुगूपासून सुरुवात होऊन पुढे इतर भारतीय लिप्याही त्यात आल्या. जे काम वर्तमानपत्रांनी करायचे, ते वाचकाच्या बाजूने एक ॲड-ऑन करत होते.

गाठ

मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीची कल्पना करावी. मालक सज्जन, भाडेकरूंना म्हणाला, तुमच्या सोयीने हवे ते बदल करा. कुणी भिंत पाडून दोन खोल्या एक केल्या, कुणी गॅलरी आत घेतली, कुणी शेजारच्या नळावरून जोड घेतला. सगळे सुखात. पण पन्नास वर्षांनी मुख्य जलवाहिनी बदलायची वेळ येते तेव्हा कळते की कुठेही हात लावला तरी कुणाचे तरी स्वयंपाकघर कोसळते.

फायरफॉक्सचे हेच झाले. ॲड-ऑन ब्राउझरच्या आतल्या कोणत्याही कार्यावर विसंबून असू शके. त्यामुळे आतला कोणताही बदल कुणाचे ना कुणाचे ॲड-ऑन मोडे. सुरुवातीला आवृत्त्या सावकाश येत. लेखकांना सवड मिळे. २०११ च्या जूनपासून मोझिलाने दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. आपले ॲड-ऑन अमुक आवृत्तीपर्यंत चालते, असे लेखकाने फाइलमध्ये लिहून ठेवायचे असे; आता तो आकडा दर दीड महिन्याला शिळा होऊ लागला. शेवटी जानेवारी २०१२ च्या दहाव्या आवृत्तीत नियम उलटवण्यात आला : उलट सिद्ध होईपर्यंत ॲड-ऑन चालते असे धरायचे. दुखणे थोडे कमी झाले, बरे झाले नाही.

मोठी अडचण वेगळीच होती. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. त्यात वेगवेगळी पाने संगणकाच्या वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालत. एक पान कोसळले तरी बाकीची सुरक्षित राहत. फायरफॉक्समध्ये सगळे एकाच प्रक्रियेत. एक पान अडले की सगळा ब्राउझर गोठे. हे बदलण्यासाठी मोझिलाने २००९ मध्ये 'इलेक्ट्रॉलिसिस' नावाचा प्रकल्प हाती घेतला. पाने एका प्रक्रियेत, पेहराव दुसऱ्या प्रक्रियेत, असे विलगीकरण करायचे होते. पण जुन्या ॲड-ऑनचा सगळा कारभार हे दोन्ही एकत्र आहेत या गृहीतकावर उभा होता. ॲड-ऑन पानात थेट हात घालत. आता मधे भिंत येणार होती. प्रकल्प मधे थंडावला, पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, ४८ व्या आवृत्तीबरोबर, सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचायला लागला. सात वर्षे लागली, त्याचे एक मोठे कारण ॲड-ऑन.

सुरक्षेचाही प्रश्न होता. ज्या किल्लीने माओने घराचे दार मजबूत करत होता, तीच किल्ली चोरालाही मिळत होती. लबाड ॲड-ऑन पासवर्ड उचलू शके, आपल्या नकळत शोधयंत्र बदलू शके. मोकळीक आणि धोका एकाच दाराने आत येत होते. ही बाजू मान्य केल्याशिवाय पुढच्या निर्णयाला न्याय देता येणार नाही.

मुदत

२१ ऑगस्ट २०१५ रोजी मोझिलाने निर्णय जाहीर केला. 'वेबएक्स्टेंशन्स' ही नवी पद्धत येणार. ती बऱ्याच अंशी क्रोमच्या ॲड-ऑनसारखीच असेल. झूल आणि एक्सपीकॉमवर आधारलेली जुनी पद्धत बारा ते अठरा महिन्यांत मोडीत निघणार. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नेमकी आवृत्ती सांगण्यात आली : ५७.

नव्या पद्धतीत ॲड-ऑनला आत शिरता येत नाही. ब्राउझरने ठरवून दिलेल्या खिडक्यांतून मागणी करायची : हे पान वाचू द्या, हे बटण लावू द्या, ही विनंती अडवू द्या. जी खिडकी ब्राउझरने ठेवलेली नाही तिथे ॲड-ऑनही शक्य नाही. चाळीची जागा टॉवरने घेतली. लिफ्ट आली, पाणी चोवीस तास आले. भिंतीत खिळा ठोकायचा तर मात्र सोसायटीचा नियम पाहायचा.

लेखकाच्या बाजूने याचा अर्थ काय होता? जुन्या आज्ञावलीतल्या दहा ओळी बदलून भागणार नव्हते. विचार करण्याची रीतच बदलायची होती. पूर्वी एखादी गोष्ट विचारली की उत्तर तिथल्या तिथे मिळे. आता विनंती पाठवायची आणि उत्तर येईल तेव्हा पुढचे काम करायचे. हवी ती खिडकी नसेल तर मोझिलाकडे मागायची आणि वाट पाहायची. खिडक्या एकेक करून २०१७ भर उघडल्या जात होत्या. बाजूच्या पट्टीची सोय, जिच्याविना 'ट्री स्टाइल टॅब' उभेच राहिले नसते, जूनच्या ५४ व्या आवृत्तीत आली. म्हणजे मुदत संपत आली तरी घराचा नकाशा पुरा व्हायचा होता. वापरणाऱ्यांच्या जुन्या नोंदी नव्या घरात नेता याव्यात म्हणून जुन्या ॲड-ऑनच्या पोटात नवे ॲड-ऑन ठेवण्याची एक संक्रमणकालीन तजवीजही मोझिलाने केली होती. सामान हलवायला दिलेला टेम्पोच तो. पण सामान बांधायला माणूस घरात हवा.

शिरगणती

थाप पडली तेव्हा वेगवेगळ्या दारांतून वेगवेगळी उत्तरे आली.

काही लेखक वेळेत तयार होते. पिरोने 'ट्री स्टाइल टॅब' ५७ च्या आधीच नव्याने लिहून काढले. ब्राउझरची वरची मूळ टॅबपट्टी लपवणे आता ॲड-ऑनच्या हाती नव्हते; ती नको असणाऱ्याने फायरफॉक्सची एक फाइल स्वतःच्या हाताने बदलायची, असा तोडगा निघाला. माओनेचे नवे 'नोस्क्रिप्ट' १४ नोव्हेंबरनंतर काही दिवसांतच आले. त्याचा चेहरामोहरा इतका बदललेला होता की जुन्या वापरकर्त्यांना ते नव्याने शिकावे लागले.

काहींनी घरच सोडले. जुलै २०१७ मध्ये 'झोटेरो'ची पाचवी आवृत्ती आली. टिपणवही ब्राउझरमधून बाहेर पडून स्वतंत्र प्रणाली झाली आणि ब्राउझरमध्ये फक्त नोंद उचलून देणारा छोटा जोड राहिला. 'झोटेरो'च्या मागे संस्था होती, पगारी माणसे होती; त्यांना हे स्थलांतर झेपले.

'फायरबग'चा शेवट निराळा. त्याने शिकवलेल्या गोष्टी तोवर प्रत्येक ब्राउझरने आत्मसात केल्या होत्या. फायरफॉक्सच्या स्वतःच्या साधनांत ते विरघळले आणि २०१७ मध्ये निवृत्त झाले. 'पद्मा'ची गरजही अशीच सरली होती. वर्तमानपत्रे युनिकोडवर आली आणि रूपांतर करायला काही उरले नाही. ज्याचे काम पुरे झाले त्याचे जाणे दुःखाचे नसते.

काहींना नव्या घरात जागाच नव्हती. २०१४ मध्ये फायरफॉक्सने रूप बदलले तेव्हा जुने रूप परत आणून देणारे 'क्लासिक थीम रिस्टोरर' लोकप्रिय झाले होते. ब्राउझरच्या पेहरावाला हात लावणे हेच त्याचे काम. नव्या नियमांत ते बसूच शकत नव्हते. सगळा ब्राउझर कीबोर्डवरून चालवू देणारी 'व्हिम्परेटर' आणि 'पेंटाडॅक्टिल' ही जोडीही संपली. 'पेंटाडॅक्टिल'चे एक प्रमुख लेखक क्रिस मॅग्लिओन हे मोझिलात नव्या पद्धतीच्या बांधणीवर काम करत होते, ही या कथेतली सर्वांत बोलकी गोष्ट. ज्यांना जुन्या मोकळिकीची किंमत नेमकी ठाऊक होती, त्यांचेच हात नवी भिंत बांधण्यात होते. त्यांना विश्वासघातकी म्हणणे सोपे आहे. जुन्या भिंतींची पोकळी त्यांनी आतून पाहिलेली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. कीबोर्डवाल्यांसाठी पुढे 'ट्रायडॅक्टिल' हे नवे ॲड-ऑन उभे राहिले, नव्या मर्यादांत जमेल तितके करणारे.

'डाउनदेमऑल'चे उत्तर उशिरा आले. मोठी फाइल तुकड्यांत उतरवून घेणारे, मधे लाइन गेली तर तिथूनच पुढे सुरू करणारे हे ॲड-ऑन. संथ आणि बेभरवशाच्या जोडणीवर दिवस काढलेल्यांना त्याचे मोल सांगायला नको. त्याचे लेखक नील्स मायर यांनी २०१५ च्या घोषणेनंतर लगेचच लिहिले होते की आता 'डाउनदेमऑल'चा बहुधा शेवट आहे. दोन वर्षे ते बंद राहिले. २०१९ मध्ये मायर यांनीच ते नव्याने लिहून आणले. पूर्वीच्या तुलनेत कमी गोष्टी करणारे, पण चालणारे.

आणि उरलेल्या दारांतून उत्तरच आले नाही. ती संख्या सर्वांत मोठी. लेखक पदवी घेऊन नोकरीला लागला होता, त्याला मुले झाली होती, त्याचा ईमेलचा पत्ता बदलला होता, किंवा तो हयातच नव्हता. अवजार काल रात्रीपर्यंत चालत होते, म्हणून ते मालकाविना आहे हे कुणाला कळले नव्हते. त्यांतली कित्येक उत्तम होती. कोण तगले हे गुणवत्तेवर ठरले नाही. ज्याच्या लेखकापाशी त्या एका वर्षात मोकळ्या संध्याकाळी उरल्या होत्या, ते तगले.

किल्ली कुणाकडे

मोझिलाचा निर्णय चुकीचा होता का? मला तसे म्हणवत नाही. ५७ वी आवृत्ती खरोखर वेगवान होती. रस्ट या नव्या भाषेत लिहिलेले, संगणकाचे अनेक गाभे एकदम वापरणारे इंजिनाचे भाग तिच्यात आले होते. जुने ओझे बाळगून हे जमले नसते. ज्यांना जुनेच हवे होते त्यांना 'पेल मून' आणि 'वॉटरफॉक्स'सारख्या शाखा होत्या.

पण किल्लीचा प्रश्न राहतोच. २०१६ पासून मोझिलाची डिजिटल स्वाक्षरी असल्याशिवाय नेहमीच्या फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन बसेनासे झाले होते. ४ मे २०१९ रोजी या स्वाक्षऱ्यांच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली. नूतनीकरण राहून गेले होते. जगभरातल्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एकाएकी बंद पडली, आणि ज्या टॉर ब्राउझरवर लोक आपली ओळख लपवण्यासाठी विसंबतात त्यातले 'नोस्क्रिप्ट'ही. मोझिलाने धावपळ करून दुरुस्ती पोहोचवली. सुरक्षेसाठी लावलेले कुलूप मालकाच्या विसरभोळेपणाने घरच्यांनाच कोंडू शकते, एवढे त्या दिवशी दिसले.

दुसरा धडा अधिक लांबचा आहे. २०१७ च्या पुनर्लेखनातले एक आश्वासन असे होते की एकदा क्रोमसारख्या पद्धतीत लिहिले की तेच ॲड-ऑन सगळीकडे चालेल. पुन्हा पुन्हा लिहावे लागणार नाही. पुढच्याच वर्षी गूगलने त्या पद्धतीची तिसरी रचना, 'मॅनिफेस्ट व्ही-३', पुढे आणली. जाहिरात-रोधकाने प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवायची ही सोय तिच्यात जाणार होती. त्याऐवजी नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची. 'यूब्लॉक ओरिजिन'चे लेखक रेमंड हिल यांनी २०१९ च्या सुरुवातीलाच या बदलाला जाहीर आक्षेप घेतला. २०२४ पासून क्रोममध्ये जुन्या रचनेची ॲड-ऑन बंद होऊ लागली आणि तिथल्या वापरकर्त्यांसाठी हिल यांनी कमी अधिकारांची 'लाइट' आवृत्ती वेगळी लिहिली. मोझिलाने नवी रचना स्वीकारताना विनंती अडवण्याची जुनी सोय मात्र कायम ठेवली. २०१७ मध्ये ज्यांना घर सोडायला लावले म्हणून मोझिलाला शिव्या बसल्या, त्यांच्यातल्याच काहींना आता त्याच घराचा आसरा उरला. इतिहासात असे हिशेब एका फेरीत मिटत नाहीत.

संग्रह

५७ नंतरही दीर्घकालीन आधाराची ५२ वी आवृत्ती सप्टेंबर २०१८ पर्यंत चालली. तीत जुनी ॲड-ऑन जिवंत होती. त्यानंतर मोझिलाने ती आपल्या संकेतस्थळावरून काढायला घेतली. ती जाण्याआधी काही वापरकर्त्यांनी एक काम केले : शक्य तेवढी सगळी उतरवून घेतली. या संग्रहात १९ हजारांवर ॲड-ऑन आहेत, त्यांच्या मिळून ९३ हजारांवर आवृत्त्या आणि १४ हजारांवर लेखक. 'लेगसी'चा शब्दकोशातला अर्थ अखेर कुणीतरी मनावर घेतला. हा वारसा जपायची जबाबदारी कुणी दिलेली नव्हती, जशी ती अवजारे लिहायचीही कुणी दिलेली नव्हती.

त्या फायली आजही उघडता येतात, झिपच त्या. बहुतेकींच्या आत 'इन्स्टॉल.आरडीएफ' नावाची एक लहान फाइल असते. तिच्यात ॲड-ऑनचे नाव, ते कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालते ते आकडे, आणि खाली लेखकाचे नाव. पुष्कळदा त्याखाली आणखी नावे येतात : मदत करणारे, आणि ॲड-ऑनमधले दहा-वीस शब्द आपापल्या भाषेत आणून देणारे अनुवादक. 'बॅबेलझिला' या ठिकाणी जमून हे लोक ते काम करत. कुणी चेक, कुणी तुर्की, कुणी जपानी. 'ठीक आहे', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा' एवढेच शब्द, पण ते आपल्या भाषेत दिसावेत म्हणून कुणीतरी बसून लिहिलेले. 'कमाल आवृत्ती' या रकान्यातला आकडा केव्हाच मागे पडला आहे. नावे तशीच आहेत. फायरफॉक्सचा इतिहास कधी कुणी पुरता लिहील, तेव्हा त्याने सुरुवात या फाइलपासून करावी.